चल व एकघात समीकरणे
चल व एकघात समीकरणे : ज्या संख्येचे मूल्य दिलेले नसते किंवा जिला एकाहून अधिक मूल्ये घेता येतात, अशा संख्येच्या जागी बीजगणितात अक्षर योजतात. या अक्षराला चल असे म्हणतात. ज्या संख्येचे मूल्य संबंध विवेचनात बदलत नाही ती अचल किंवा स्थिरांक होय. दोन बैजिक राशी समान आहेत असे सांगणाऱ्या विधानाला समीकरण म्हणतात आणि ज्यात चलाचा पहिलाच घात येतो, वर्ग, घन इ. वरचे घात येत नाहीत, ते समीकरण एकघात असते. चलाच्या ज्या मूल्याने समीकरणातील विधान खरे ठरते, त्या मूल्यास समीकरणाचे मूळ वा उकल म्हणतात. अशी सर्व मुळे शोधून काढणे म्हणजे समीकरण सोडविणे. [⟶ बीजगणित].

या व्याख्या थोडक्यात सांगता येतात व शाळेत त्या पाठही होतात. तथापि त्यांमागे दोन गोष्टी अशा आहेत की, अंकगणितातील सवयीने त्यांचा उलगडा होत नाही. अक्षर नेमके कशाच्या जागी उभे आहे ही पहिली व ‘=’ हे चिन्ह काय सांगते ही दुसरी. या दोन गोष्टी ज्याला नीट समजल्या नाहीत, त्याच्या दृष्टीने पुढचे सर्व बीजगणित म्हणजे चिन्हांची हलवाहलव ठरते. उत्तर बरोबर आले, तरी ते का बरोबर आहे हे त्याला सांगता येत नाही.

अक्षराचे अर्थ : पुढील तीन विधाने पहा : (१) क्ष + ७ = १२, (२) अ + ब = ब + अ, (३) फ = (९/५)स + ३२. तिन्हींत अक्षरे आहेत, परंतु त्यांची कामे निरनिराळी आहेत. पहिल्या विधानातील क्ष ही एक विशिष्ट पण आपणास अद्याप माहीत नसलेली संख्या आहे. ती ५ आहे हे कळले की अक्षराचे काम संपले. अशा अक्षराला जुन्या ग्रंथांत ‘अव्यक्त’ म्हटले आहे व ते नाव अधिक अन्वर्थक आहे. दुसऱ्या विधानातील अ व ब शोधावयाचे नाहीत. कोणत्याही दोन संख्या घेतल्या तरी त्यांची बेरीज क्रम बदलल्याने बदलत नाही, हे त्या विधानाने सांगितले आहे. तेथे अक्षर सर्व संख्यांचे प्रतिनिधित्व करते. तिसऱ्या विधानात स हे सेल्सियस व फ हे फॅरनहाइट मापक्रमावरील तापमान आहे. स बदलला की फ बदलतो व कसा बदलतो, हे सूत्राने ठरते. काटेकोरपणे बोलावयाचे तर ‘चल’ हे नाव या तिसऱ्या प्रकारालाच पूर्णपणे शोभते; परंतु व्यवहारात ते तिन्हींसाठी वापरतात.

एकच अक्षर एका कामावरून दुसऱ्या कामावर कसे जाते हे तापमानाच्या सूत्रावरूनच दाखविता येते. दोन्ही मापक्रमांवर एकच आकडा येईल असे तापमान कोणते, असा प्रश्न केल्यास फ च्या जागी स लिहावा लागेल व (९/५)स + ३२ = स असे समीकरण मिळेल. क्षणापूर्वी मोकळेपणाने बदलणारा स आता अव्यक्त झाला. दोन्ही बाजूंतून स वजा केल्यास (४/५)स + ३२ = ०, म्हणजे (४/५)स = −३२ व त्यावरून स = −४० येते. उणे ४० अंश हे तापमान दोन्ही मापक्रमांवर एकच आहे.

कोणते अक्षर घ्यावे हा केवळ संकेताचा प्रश्न आहे. ज्ञात संख्यांना वर्णमालेतील पहिली व अज्ञात संख्यांना शेवटची अक्षरे देण्याची रीत रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञांनी १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या भूमितीवरील ग्रंथात घातली. मराठी पाठ्यपुस्तकांत तिला अनुसरून अ, ब, क ही ज्ञात संख्यांसाठी व क्ष, य ही अज्ञातांसाठी दीर्घ काळ वापरली गेली. पुढे रोमन अक्षरांचा प्रघात पडला. व्हिल्हेल्म राँटगेन यांना १८९५ मध्ये सापडलेल्या, स्वरूप अज्ञात असलेल्या किरणांना त्यांनी बीजगणितातील अज्ञाताचेच अक्षर दिले आणि मराठीत त्यांचे ‘क्ष-किरण’ झाले, ते याच संकेतामुळे.

अक्षर हे संख्येच्या जागी असते, वस्तूच्या जागी नव्हे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. ‘३ आंबे अधिक ४ आंबे म्हणजे ७ आंबे, तसे ३आ + ४आ = ७आ’ असे शिक्षक समजुतीसाठी सांगतात. उत्तर बरोबर येते, परंतु आ म्हणजे आंबा अशी विद्यार्थ्याची समजूत होऊन बसते. ती पुढे कशी नडते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या व आणि प्राध्यापकांची संख्या प मानून हे समीकरणाने लिहा, असा प्रश्न १९८० च्या सुमारास अमेरिकेत जॉन क्लेमंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घातला. एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थ्यांचे उत्तर चुकले व बहुतेकांनी ६व = प असे लिहिले. ‘सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ हे शब्द त्यांनी क्रमाने चिन्हांत उतरविले होते. १० प्राध्यापक असतील, तर विद्यार्थी ६० असतात; ६व = प यात व = ६० घातल्यास प = ३६० येतो, म्हणजे प्राध्यापकच विद्यार्थ्यांच्या सहापट होतात. बरोबर समीकरण व = ६प हे होय. व हे विद्यार्थ्याचे संक्षिप्त नाव नसून ती एक संख्या आहे, हे ज्यांच्या मनात पक्के असते ते या ठिकाणी घसरत नाहीत. ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या दशकात शाळकरी मुलांच्या गणिती आकलनाचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात डीटमार क्यूखेमान यांनी मुले अक्षराचा अर्थ सहा निरनिराळ्या प्रकारांनी लावतात असे दाखविले. अक्षराकडे साफ दुर्लक्ष करणे आणि त्याला वस्तूचे नाव समजणे हे त्यांतील दोन प्रकार होत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांतही अक्षराला खऱ्या अर्थाने चल मानणारी थोडीच आढळली.

समानतेचे चिन्ह : अंकगणितात ५ + ३ = ८ असे लिहिताना ‘=’ या चिन्हाचा अर्थ ‘उत्तर येते’ असा घेतला तरी चालून जाते. याच सवयीने मुले ५ + ३ = ८ × २ = १६ असेही लिहितात. यात ५ + ३ व १६ समान असल्याचे म्हटले गेले, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. बीजगणितात हे चिन्ह दोन बाजूंच्या समतेचे विधान करते. डावीकडून उजवीकडे जाण्याची आज्ञा देत नाही. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्य-गणितज्ञांनी १५५७ मध्ये ते प्रथम छापले, तेव्हा दोन समांतर रेषांहून अधिक समान असे दुसरे काही असू शकत नाही, हे कारण त्यांनी दिले होते. ते सर्वमान्य होण्यास बराच काळ लागला. खुद्द देकार्त यांनीही दुसरेच चिन्ह वापरले.

समीकरणाला तराजूची उपमा देण्याची पद्धत आहे. दोन्ही पारड्यांत सारखेच टाकले किंवा दोहोंतून सारखेच काढले, तर तराजू समतोल राहतो. तसेच समीकरणाच्या दोन्ही बाजूंत एकच संख्या मिळविली, वजा केली, किंवा दोन्ही बाजूंना शून्याखेरीज एकाच संख्येने गुणले वा भागले, तर समता टिकते. उपमा चांगली आहे, पण ऋण संख्येशी तिची गती खुंटते. पारड्यात उणे पाच किलोग्रॅम कसे ठेवावयाचे? या बाबतीत धन व कर्ज यांचे जे उदाहरण भारतीय गणितज्ञांनी घेतले आहे, ते अधिक सोयीचे वाटते. म्हणून पुढील विवेचन त्याच्याच आधारे केले आहे.

दोन धनिकांचे उदाहरण : भास्कराचार्य (दुसरे, जन्म १११४) यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या बीजगणित या ग्रंथात एक अव्यक्त असलेल्या समीकरणांच्या आरंभी हे उदाहरण आहे. एका माणसाजवळ रोख ३०० रूपे (नाणी) व ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याला १०० रूपांचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखीच आहे, तर एका घोड्याची किंमत किती?

घोड्याची किंमत क्ष मानल्यास पहिल्याची संपत्ती ६क्ष + ३०० व दुसऱ्याची १०क्ष − १०० होते. ६क्ष म्हणजे सहा घोडे नव्हेत, तर सहा घोड्यांच्या किमतीची रूपे. या दोन संपत्ती समान असल्याने ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. आता दोघांनाही १०० रूपे दिली, तर दुसऱ्याचे कर्ज फिटते आणि समता टिकते : ६क्ष + ४०० = १०क्ष. दोघांकडून सहा सहा घोडे काढून घेतले, तर पहिल्याजवळ ४०० रूपे व दुसऱ्याजवळ ४ घोडे राहतात : ४०० = ४क्ष. दोन्ही बाजूंचा चौथा हिस्सा घेतल्यास क्ष = १००. पडताळा पाहता, पहिल्याचे ६०० + ३०० = ९०० व दुसऱ्याचे १००० − १०० = ९०० येतात.

शाळेत यालाच ‘पक्षांतर’ म्हणतात व ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ असा मंत्र देतात. मंत्राने काम लवकर होते, पण वरील व्यवहारात कोणतीही संख्या उडी मारून पलीकडे गेलेली नाही; दोन्हींकडे एकच क्रिया केली, एवढेच घडले. हे विसरले की विद्यार्थी ४क्ष = ४०० यावरून क्ष = ४०० − ४ किंवा क्ष = ४००/(−४) असे लिहू लागतो. पलीकडे जाताना अधिकाचे उणे होते, मग गुणकाचे काय होते, हे मंत्र सांगत नाही. दोन्ही बाजूंना ४ ने भागावे हा विचार मात्र सांगतो.

या उदाहरणाची वंशावळ भास्कराचार्यांच्याही मागे जाते. आर्यभट (पहिले) यांच्या आर्यभटीय (४९९) या ग्रंथाच्या गणितपादात समान संपत्तीच्या दोन पुरुषांविषयी नियम आहे : रूपांच्या फरकाला ‘गुलिकां’च्या, म्हणजे अज्ञात किमतीच्या वस्तूंच्या, संख्यांतील फरकाने भागावे, म्हणजे एका गुलिकेची किंमत मिळते. येथे रूपांचा फरक ३०० − (−१००) = ४०० व घोड्यांचा फरक ४ असल्याने किंमत १०० येते. ब्रह्मगुप्त यांनी ब्राह्मस्फुटसिद्धांतात (६२८) हाच नियम व्यापक रूपात दिला. आजच्या चिन्हांत तो असा : अ·क्ष + ब = क·क्ष + ड असल्यास क्ष = (ड − ब)/(अ − क). अंशात व छेदात वजाबाकीचा क्रम परस्परविरुद्ध घ्यावयाचा, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. धन, ऋण व शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम त्याच ग्रंथात असल्याने कर्जाची बाजू हाताळताना त्यांना अडचण पडली नाही.

भास्कराचार्यांच्या काळी मांडणीही ठरलेली होती. अव्यक्ताला यावत्तावत् (‘जितके तितके’) म्हणून त्याचे पहिले अक्षर ‘या’ व ज्ञात संख्येसाठी रूप या शब्दाचे ‘रू’ लिहीत. दोन्ही बाजू एकीखाली एक मांडीत : वर ‘या ६ रू ३००’ आणि खाली ‘या १० रू १००’. खालच्या १०० वर ऋणत्वदर्शक टिंब देत. दोन ओळी एकाखाली एक असल्याने ‘या’ खाली ‘या’ व ‘रू’ खाली ‘रू’ येई आणि वजाबाकी सरळ करता येई. एकाहून अधिक अव्यक्ते असल्यास कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे देत. म्हणूनच एका अव्यक्ताच्या समीकरणाला एकवर्ण व अधिकांच्या समीकरणाला अनेकवर्ण समीकरण म्हणत. अक्षराने संख्या दर्शविण्याची कल्पना यात पूर्णपणे आलेली आहे. ज्ञात संख्यांसाठीही अक्षर वापरून एकाच वेळी सर्व उदाहरणे सोडविणारे सूत्र लिहिणे मात्र त्यात नाही. तेथे नियम शब्दांतच सांगितलेला असतो.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला.

अदमासाची रीत : अक्षर न वापरताही अशी उदाहरणे सोडविता येतात. ईजिप्तमध्ये आहमेस या लेखकाने इ. स. पू. १६५० च्या सुमारास नकललेल्या पपायरसात (ऱ्हाइंड पपायरस) एक राशी व तिचा सातवा हिस्सा मिळून १९ होतात, तर ती राशी कोणती, असा प्रश्न आहे. तेथे राशी ७ धरली आहे. तिच्यात सातवा हिस्सा मिळविल्यास ८ होतात. हवे होते १९, म्हणून ७ ला १९/८ ने गुणून १६ ५/८ हे उत्तर काढले आहे. लीलावतीतील ‘इष्टकर्म’ हीच रीत होय.

ही रीत चतुराईची असली, तरी तिची मर्यादा महत्त्वाची आहे. राशी दुप्पट केली की सर्व फळही दुप्पट होते अशाच ठिकाणी, म्हणजे अ·क्ष = ब या प्रकारातच, ती लागू पडते. घोड्यांच्या उदाहरणात ३०० रूपे व १०० चे कर्ज ही किमतीबरोबर वाढत नाहीत, म्हणून एका अदमासाने भागत नाही. दोन घ्यावे लागतात. किंमत ५० धरल्यास संपत्ती ६०० व ४०० होतात, फरक २००. ८० धरल्यास ७८० व ७००, फरक ८०. किंमत ३० ने वाढली तेव्हा फरक १२० ने घटला, म्हणजे प्रत्येक रूपामागे ४ ने. उरलेला ८० चा फरक नाहीसा होण्यास आणखी २० हवेत; ८० + २० = १००. दुहेरी अदमासाची ही रीत मध्ययुगात अरबी व यूरोपीय व्यापारी गणितात प्रचलित होती. तीत किंमत बदलून पाहिली जाते, म्हणजे नकळत चलाचाच विचार केला जातो.

अल्-जब्र : बगदाद येथील गणितज्ञ अल्-ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात अल्-जब्र व अल्-मुकाबला असे दोन शब्द आहेत. वजा झालेले पद दोन्हींकडे मिळवून तुटलेली बाजू पुरी करणे म्हणजे जब्र आणि दोन्ही बाजूंस असलेली सजातीय पदे परस्परांशी तोलून काढून टाकणे म्हणजे मुकाबला. वरील उदाहरणात १०० मिळविणे हे जब्र व सहा घोडे काढणे हा मुकाबला होय. यूरोपीय भाषांतील बीजगणिताचे ‘ॲल्जिब्रा’ हे नाव पहिल्या शब्दापासून आले. तुटलेले सांधणे हा मूळ अर्थ असल्याने स्पॅनिश भाषेत त्यापासूनच झालेला शब्द हाडवैद्यालाही लावीत. अल्-ख्वारिज्मी यांचे सर्व विवेचन शब्दांत आहे, संख्याही ते शब्दांतच लिहितात. अज्ञाताला ते ‘वस्तू’ किंवा ‘मूळ’ म्हणतात. ऋण संख्या स्वतंत्रपणे न मानल्यामुळे वर्गसमीकरणांचे त्यांना निरनिराळे प्रकार पाडावे लागले.

शब्दांकडून चिन्हांकडे होणारे स्थित्यंतर यूरोपात सोळाव्या शतकात वेगाने झाले. अधिक व उणे यांची आजची चिन्हे योहानेस व्हिडमान यांच्या १४८९ मधील जर्मन अंकगणितात छापलेली आढळतात. फ्रांस्वा व्हिएत यांनी १५९१ मध्ये अज्ञातांसाठी स्वर व ज्ञातांसाठी व्यंजने योजली. यातील दुसरी गोष्ट खरी क्रांतिकारक ठरली. अज्ञाताला नाव देण्याची गरज उघड असते. ज्याची किंमत माहीत आहे त्या संख्येलाही अक्षर का द्यावे, हे सहज सुचणारे नाही. ते दिल्यामुळे एका उदाहरणाऐवजी उदाहरणांच्या संपूर्ण जातीचा विचार करता येऊ लागला आणि ब्रह्मगुप्तांनी शब्दांत सांगितलेला नियम एका ओळीचे सूत्र बनला.

शाब्दिक उदाहरणे : समीकरण सोडविण्यापेक्षा ते मांडणे बहुधा अधिक कठीण असते. सर्वप्रथम कोणती संख्या अज्ञात मानली ते एककासह स्पष्ट लिहावे, नंतर एकाच राशीचे दोन मार्गांनी वर्णन करावे व त्या दोन वर्णनांमध्ये समतेचे चिन्ह घालावे. ग्रीक गणितज्ञ डायोफँटस यांच्या वयाचे कोडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांच्या आयुष्याचा १/६ भाग बालपणात, १/१२ तारुण्यात, १/७ त्यानंतर विवाहापर्यंत गेला. पुढे ५ वर्षांनी मुलगा झाला. तो पित्याच्या आयुष्याच्या निम्मी वर्षे जगला आणि त्याच्यामागे पिता ४ वर्षे जगला. प्राचीन ग्रीक पद्यसंग्रहात हे आढळते. त्यातील माहिती चरित्र म्हणून विश्वसनीय नाही. आयुष्य क्ष वर्षे मानल्यास एका बाजूस तुकड्यांची बेरीज व दुसरीस संपूर्ण आयुष्य येते :
क्ष/६ + क्ष/१२ + क्ष/७ + ५ + क्ष/२ + ४ = क्ष.
छेदांचा लघुतम साधारण विभाज्य ८४ आहे. दोन्ही बाजूंना त्याने गुणले की अपूर्णांक जातात : १४क्ष + ७क्ष + १२क्ष + ४२० + ४२क्ष + ३३६ = ८४क्ष, म्हणजे ७५क्ष + ७५६ = ८४क्ष. त्यावरून ९क्ष = ७५६ व क्ष = ८४. गुणताना ५ व ४ या सुट्या संख्यांनाही ८४ ने गुणावे लागते. नवशिक्याची चूक बहुधा तेथेच होते.

पडताळा मूळ प्रश्नात घ्यावा, केवळ समीकरणात नव्हे. समीकरणच चुकीचे मांडलेले असेल, तर त्यातील पडताळा बरोबर येऊनही उत्तर चूक असते. उत्तर प्रश्नाला शोभणारे आहे की नाही हेही पहावे लागते. माणसांची संख्या साडेबारा आली, तर समीकरण निर्दोष सुटले असूनही प्रश्नाला उत्तर नाही, असे म्हणावे लागेल. चलाला कोणती मूल्ये घेण्याची मुभा आहे, हा चलाच्या व्याख्येचाच भाग आहे.

अपवादात्मक प्रकार : ब्रह्मगुप्तांच्या सूत्रात अ = क असेल तर छेद शून्य होतो. दोन्ही धनिकांजवळ सहा सहाच घोडे असते व रोख रक्कम वेगवेगळी असती, तर घोड्याची किंमत काहीही असली तरी त्यांची संपत्ती समान होऊ शकली नसती : ६क्ष + ३०० = ६क्ष + ५०० या समीकरणाला मूळ नाही. रोख रक्कमही सारखीच असती, तर कोणत्याही किमतीला संपत्ती समानच राहिली असती. २(क्ष + ३) = २क्ष + ६ यासारख्या, क्ष च्या प्रत्येक मूल्याला खऱ्या असणाऱ्या समीकरणाला नित्य समानता म्हणतात. या दोन प्रकारांखेरीज एका चलातील एकघात समीकरणाला एक आणि एकच मूळ असते.

शून्याने भागण्याचा निषेध येथेच उपयोगी पडतो. ५क्ष = ३क्ष या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना क्ष ने भागल्यास ५ = ३ हा विसंवाद येतो आणि मूळच नाही असा समज होतो. वास्तविक क्ष = ० हे मूळ आहे. क्ष ने भागताना तो शून्य नाही असे आपण गृहीत धरले व त्यामुळे तेवढेच मूळ हातचे गेले. समीकरण सोडविताना प्रत्येक पायरी उलट दिशेनेही घेता आली पाहिजे, तरच अखेरचे समीकरण व मूळ समीकरण यांची मुळे तीच राहतात. दोन्ही बाजूंचा वर्ग करणे ही पायरी उलट घेता येत नाही; क्ष = ३ चा वर्ग केल्यास क्ष² = ९ येते व −३ हे उपरे मूळ शिरते.

आलेख : य = ६क्ष + ३०० व य = १०क्ष − १०० यांचे आलेख काढल्यास दोन सरळ रेषा मिळतात; म्हणून अशा समीकरणांस रेषीय समीकरणे असेही म्हणतात. क्ष = १००, य = ९०० या बिंदूत त्या छेदतात. किंमत ६० असताना पहिल्याची संपत्ती ६६० व दुसऱ्याची ५०० म्हणजे पहिला अधिक श्रीमंत. १५० असताना १,२०० व १,४०० म्हणजे दुसरा अधिक श्रीमंत. घोड्याची किंमत ही अज्ञात संख्या न मानता बदलती मानली की समीकरणाने फक्त एक क्षण टिपला होता असे दिसते. त्याच्या अलीकडे व पलीकडे काय घडते हे असमतेने व फलनाच्या कल्पनेने सांगितले जाते.

संगणकाच्या अनेक भाषांत क = क + १ अशी विधाने आढळतात. समीकरण म्हणून पाहिल्यास त्याला मूळ नाही. तेथे क हे स्मृतीतील एका जागेचे नाव असते व ‘=’ या चिन्हाने त्या जागी जुन्याहून एकाने मोठी संख्या ठेवण्याची आज्ञा दिलेली असते. काही भाषांत या कामासाठी मुद्दाम वेगळे चिन्ह ठेवले आहे, ते या घोटाळ्यामुळेच.

दोन चले असलेल्या एका एकघात समीकरणाला सामान्यतः अनंत उकली असतात. त्या निश्चित करण्यास तितकीच स्वतंत्र समीकरणे लागतात. मात्र चले धन पूर्णांकच असावीत अशी अट असल्यास उकली थोड्याच उरू शकतात. ५ रुपयांची व २ रुपयांची काही नाणी मिळून ३१ रुपये होत असतील, तर ५क्ष + २य = ३१ या समीकरणावरून ५ रुपयांची नाणी १, ३ किंवा ५ व त्या त्या वेळी २ रुपयांची १३, ८ किंवा ३ एवढ्याच शक्यता राहतात. अशा समीकरणांसाठी आर्यभटांनी दिलेली व ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांनी विस्तारलेली रीत कुट्टक या नावाने प्रसिद्ध आहे. ब्राह्मस्फुटसिद्धांतातील ज्या अध्यायात एकवर्ण समीकरणाचा वरील नियम आला आहे, त्या अध्यायालाही हेच नाव आहे.